रात्रीची भिजवण, सकाळची न्याहारी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात महिला शाखेच्या वतीने झालेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, विवाह, शिष्यवृत्ती, वसतिगृह असे थोर विषय मांडले गेले. त्यांच्या पंक्तीत आज आम्ही एक अगदी लहान विषय आणून बसवीत आहोत. तो म्हणजे सकाळची न्याहारी. महिला शाखेच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा, ‘न्याहारीवर भाषण ते काय करायचे?’ असा प्रश्न काहींनी केला. परंतु ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण ज्या समाजाने केली, त्याच्या संमेलनात पोटोबाला पंधरा-वीस मिनिटे मिळावीत यात अनुचित असे काही नाही. शिवाय हा विषय केवळ पोटाचा नाही. घरात पहाटे कोणी उठावे आणि कोणी उपाशी बाहेर पडावे, हा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे. तो आपणांपुढे ठेवावा एवढ्याचसाठी आम्ही उभ्या आहोत.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या आपल्या वस्तीतील सकाळ पूर्वी कशी होत असे, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. गिरणगावात भोंगा होण्यापूर्वी चुली पेटत. चाळीतील नळाला पहाटे पाणी येई, आणि हंडे-कळश्या भरता भरता गृहिणीचा एक डोळा स्टोव्हवरच्या चहाकडे असे. सकाळच्या पाळीचा कामगार पुष्कळदा चहा आणि पाव एवढ्यावरच गिरणीचा दरवाजा गाठी. कोणी कोपऱ्यावरच्या इराण्याकडे ब्रून-मस्का खाई. १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते आरे दुग्ध वसाहतीचे उद्घाटन झाले, आणि पुढे आरेच्या केंद्रावर काचेच्या बाटल्या घेऊन रांगेत उभे राहणे हा पहाटेचा नित्यनेम होऊन बसला. ते दूध घरी येई, तापे, आणि मुलांच्या पेल्यात पडे. बाकीच्यांची न्याहारी म्हणजे रात्रीची पोळी, फोडणीचा भात किंवा वाटीभर पोहे.

गिरणी कामगारांच्या खाणावळी चालविणाऱ्या भगिनींची आठवण या ठिकाणी झाल्यावाचून राहत नाही. परळ-लालबागच्या लहानशा खोल्यांतून या स्त्रिया भल्या पहाटे उठून वीस-वीस माणसांचा स्वयंपाक रांधीत असत. श्रीमती प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने त्यांना संघटित केले, तेव्हा कोठे त्यांच्या कष्टांस थोडी प्रतिष्ठा लाभली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, गिरण्यांची धुराडी एकामागून एक थंड झाली, आणि भोंग्याची सकाळही संपली. परंतु भोंगा थांबला तरी पहाटे उठणारी बाई काही थांबली नाही. आता तिला भोंगा उठवीत नाही, हातातील दूरध्वनीचा गजर उठवितो, एवढाच फरक.

येथे एका गोष्टीकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. या शहराने माणसाच्या दुपारच्या जेवणाची उत्तम व्यवस्था लावली आहे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांच्या नावाशी जोडलेली डबेवाल्यांची प्रथा सुरू झाली, आणि घरचा डबा कचेरीतील माणसाच्या हाती बिनचूक पडू लागला. दुपारची सोय झाली, परंतु सकाळच्या न्याहारीसाठी अशी कोणतीही व्यवस्था झाली नाही. सकाळची व्यवस्था म्हणजे घरातील आई, सून किंवा आजी. तिने उठावे, तिने करावे, आणि सर्वांना वाढून झाल्यावर उरल्यास तिने खावे.

आज तर ती स्वतःही सात-सव्वासातची लोकल गाठते. मग होते काय? मुले दोन बिस्किटे चहात बुडवून शाळेच्या बसमध्ये चढतात. कॉलेजातील मुलगा ‘भूक नाही’ म्हणून निघतो आणि दादर स्टेशनबाहेर वडापावाच्या गाडीशी थांबतो. घरातील पुरुष चहावर निघतात. आणि बाई? ती तर निघतानाही ओटा पुसत असते. केंद्र सरकारने २०२४ साली केलेल्या वेळ-वापर पाहणीत असे आढळले, की विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाकाठी २८९ मिनिटांचा वेळ जातो, आणि असे काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटांचा. या दोन आकड्यांतील अंतर एका भाषणाने मिटणारे नाही हे आम्ही जाणतो. पण त्यातील सकाळची वीस-पंचवीस मिनिटे कमी करण्याची एक युक्ती आहे, आणि तीच आज सांगावयाची आहे. ती युक्ती म्हणजे न्याहारी रात्रीच भिजत घालणे.

‘रात्री भिजत घालावे आणि सकाळी खावे’ ही कल्पना ऐकून कोणास ती परदेशी वाटेल. तशी ती मुळीच नाही. आपले घर रात्रीच्या भिजवणीवरच चालते. उपासाच्या खिचडीचा साबुदाणा रात्री भिजतो. उसळीचे मूग-मटकी रात्री भिजतात. आंबोळीचे पीठ रात्री फुगते. दुधाला विरजण रात्री लागते आणि सकाळी घट्ट दही होते. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी लालबागपासून गिरगावापर्यंत हंड्या फुटतात आणि हातावर जो काला पडतो, त्यात भिजलेले पोहे आणि दही हेच मुख्य. दहीपोहे, दूधपोहे, गूळपोहे ही आपली चुलीवाचूनची न्याहारी फार जुनी आहे. सुदाम्याने मित्राच्या भेटीला जाताना पुरचुंडीत पोहेच बांधून नेले होते.

पोहे चुलीवाचून खाता येतात याचे कारण त्यांच्या घडणीत आहे. भात भिजवून, भाजून, गरम असतानाच कांडून किंवा दाबून चपटा केला की पोहे होतात. म्हणजे धान्याला उष्णतेचा संस्कार आधीच झालेला असतो. घरी फक्त ओलावा द्यावयाचा. ओट हे थंड हवेचे धान्य. हिंदीत त्यास जई म्हणतात, आणि आपल्या देशात ते मुख्यत्वे गुरांच्या वैरणीसाठी पेरले जाते. बाजारात मिळणारे चपटे ओट वाफवून रुळांखाली दाबलेले असतात. तेव्हा पोहे आणि ओट ही एकाच युक्तीची दोन धान्ये होत. एक कोकणातील, दुसरे युरोपातील. फरक इतकाच, की पोहे दहा मिनिटांत मऊ होतात आणि ओटला पाच-सहा तास लागतात. म्हणूनच ओट रात्री भिजवावे लागतात, आणि गंमत अशी की हीच त्यांची सोय होऊन बसते.

स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरात मॅक्सिमिलियन बिर्खर-बेनर नावाचे एक वैद्य होऊन गेले. १९०० च्या सुमारास त्यांनी आपल्या रुग्णांसाठी असेच एक पक्वान्न योजिले. एक मोठा चमचा ओट तीन चमचे पाण्यात बारा तास भिजवावेत. मग त्यात लिंबाचा रस, डब्यातील आटीव गोड दूध, सालासकट किसलेले एक मोठे सफरचंद आणि सुक्या मेव्याची पूड घालावी. या पदार्थास पुढे म्युस्ली असे नाव पडले आणि तो जगभर गेला. त्यात फळ अधिक आणि धान्य अगदी थोडे होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आज ‘रात्रभर भिजवलेले ओट’ म्हणून जे सर्वत्र प्रसिद्धीस आले आहे, ते याच पदार्थाचे धाकटे भावंड. दह्यादुधात भिजवण्याची आपली रीत आणि ही झुरिचची रीत एका वाटीत एकत्र आणली, तर त्यात आपले काही जात नाही, उलट पदरात काही पडते.

काय पडते, तेही सांगतो. १०० ग्रॅम ओटमध्ये सुमारे १३ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. तितक्याच पोह्यांत प्रथिने सुमारे ७ ग्रॅम आणि तंतू साडेतीन ग्रॅमच्या आसपास. ओटमध्ये बीटा-ग्लुकन नावाचा एक विरघळणारा तंतू आहे. भिजल्यावर ओटला जो बुळबुळीत घट्टपणा येतो, तो याचाच. दिवसास ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेल्यास रक्तातील कोलेस्टेरॉल उतरण्यास मदत होते, हे १९९७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्य केले. आपण सांगणार आहोत त्या एका वाटीत ४० ग्रॅम ओट असतात, आणि त्यांतून सुमारे दीड ग्रॅम, म्हणजे निम्मा वाटा मिळतो. तेव्हा ओट म्हणजे अमृत नव्हे. त्यामुळे औषध बंद करावे असे कोणी समजू नये. पण दोन बिस्किटांपेक्षा ही वाटी पोटात अधिक वेळ टिकते, एवढे निश्चित.

आता कृती. १९७० साली निघालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने आपल्याला वाटी-चमच्याचे माप दिले. त्याच मापाने आम्ही सांगतो. एका माणसास पाऊण वाटी चपटे ओट, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम. पाऊण वाटी तापवून गार केलेले दूध. दोन मोठे चमचे घट्ट ताजे दही. मीठ अगदी चिमूटभर, कारण मिठावाचून गोडाला चव येत नाही. हे सर्व झाकणाच्या काचेच्या बरणीत किंवा स्टीलच्या डब्यात कालवावे आणि शीतकपाटात ठेवावे. सकाळी उघडून पाहावे. फार घट्ट झाले असल्यास दोन चमचे दूध घालून ढवळावे. झाली न्याहारी. यात चूल नाही, फोडणी नाही, खरकटी कढई नाही.

ओट आणताना पुडक्यावर काय लिहिले आहे ते वाचावे. आपणास हवेत ते साधे, मोठ्या पाकळीचे. झटपट शिजणारे बारीक ओट रात्रभरात लापशीसारखे होतात. अखंड दाण्याचे तुकडे केलेले ओट भिजूनही कचकचीत राहतात. आणि ज्या लहान पुड्यांत साखर व सुगंध आधीच घातलेले असतात, त्या घेण्याचे आपणास कारण नाही, कारण सुगंधाची विद्या आपल्या घरी आहे. वेलची, जायफळ, केशर, चारोळी, खसखस हे सारे लालबागच्या मसाल्याच्या बाजारात आणि महात्मा जोतिबा फुले मंडईच्या परिसरात मिळते, आणि ते कसे वापरावे हे कोणी आपल्याला शिकवावयास नको.

मुलांना ओट आवडत नाहीत, अशी तक्रार पुष्कळ आयांची असते. ती खरी आहे, कारण ओटला स्वतःची अशी चव जवळजवळ नाहीच. पण हाच त्याचा गुण मानावा. ज्याला स्वतःची चव नाही, तो दुसऱ्याची चव सहज उचलतो. म्हणून आम्ही आपल्या सणावारांची पक्वान्ने या बरणीत उतरविण्याचा प्रयत्न केला. महिला शाखेच्या हळदीकुंकवात त्यांतील पाच प्रकार मांडले होते. ते क्रमाने सांगतो.

पहिला श्रीखंडाचा. वरील कृतीत दूध अर्धी वाटी करावे आणि दह्याऐवजी तीन मोठे चमचे चक्का घ्यावा. केशराच्या चार काड्या चमचाभर कोमट दुधात खलून घालाव्यात. साखर दीड लहान चमचा, वेलचीची पूड चिमूटभर. चारोळ्या सकाळी वरून घालाव्यात, रात्री घातल्यास त्या मऊ पडतात. पाडव्याच्या श्रीखंडाची आठवण यावी इतपत हे साधते.

दुसरा मोदकाचा. ओट नुसत्या दुधात भिजवावेत, दही घालू नये. दूध वाटीभर घ्यावे. ओल्या नारळाचा चव आणि गूळ यांचे सारण रविवारी थोडे शिजवून शीतकपाटात ठेवावे. ते तीन-चार दिवस राहते. सकाळी त्याचे दोन चमचे वर घालावेत, जायफळ किसावे, भाजलेली खसखस भुरभुरावी. कच्चा नारळ मात्र रात्री दुधात मिसळून बाहेर ठेवू नये. मुंबईच्या दमट हवेत तो सकाळपर्यंत नासतो.

तिसरा पुरणाचा. यासाठी पुरण शिजवण्याचे कारण नाही. भाजक्या डाळ्यांचे पीठ एक मोठा चमचा, किसलेला गूळ दीड लहान चमचा, जायफळ, वेलची, आणि सकाळी वरून अर्धा लहान चमचा साजूक तूप. डाळ्याच्या पिठाने प्रथिने वाढतात आणि चवही पोळीच्या जवळ जाते. वाढत्या वयाच्या मुलांना आम्ही हा प्रकार विशेषेकरून सुचवू.

चौथा आमरसाचा. हा एप्रिलअखेर ते जूनच्या आरंभापर्यंतचा. ओट दुधात भिजवावेत आणि सकाळी हापूसचा अर्धी वाटी रस घालावा. साखर मुळीच घालू नये. आंबा संपला की त्याच जागी वसईची केळी घेऊन शिकरणाचा प्रकार करावा. केळे मात्र सकाळीच चिरावे. रात्री चिरलेले केळे काळे पडते आणि मुले ते बाजूला काढतात.

पाचवा फालुद्याचा. एक लहान चमचा सब्जा ओटबरोबरच भिजत घालावा आणि पाव वाटी दूध जास्त घ्यावे. गुलाबाचे सरबत एक लहान चमचा पुरे. त्यात साखर असतेच, म्हणून निराळी साखर नको. वैशाखाच्या उकाड्यात हा प्रकार घरातील वृद्धांनाही मानवतो.

पक्वान्नाचे नाव आले की साखरेचा हात सैल सुटतो, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत राहिल्यास अधिक चांगले. प्रौढ माणसाच्या हिशेबाने पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, सहा लहान चमचे. आमच्या वाटीत दीड चमचा जातो. चहाची साखर त्यात मिळवावी आणि मग दिवसाचा हिशेब करावा. ‘गूळ घातला म्हणून चालते’ हेही खरे नव्हे. या हिशेबात गूळ साखरेच्याच रकान्यात बसतो. मधुमेह असलेल्यांनी साखर-गूळ न घालता दालचिनी, वेलची आणि दाणे यांवर चव आणावी, आणि ४० ग्रॅम ओटमध्येही सुमारे २६ ग्रॅम कर्बोदके असतात हे लक्षात ठेवून आपल्या डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. ज्यांना गव्हातील ग्लुटेन वर्ज्य आहे, त्यांनी ग्लुटेनविरहित असा उल्लेख असलेलेच ओट घ्यावेत, कारण साधे ओट गव्हाच्या संपर्कात आलेले असू शकतात. आणि लहान बालकांस अखंड बदाम-काजू देऊ नयेत, त्यांची पूड करावी.

हळदीकुंकवाच्या दिवशी शंकाही पुष्कळ निघाल्या. एका आजीबाईंनी बरणी हाती घेऊन विचारले, “काय गं बायांनो, रात्रीचं शिळं पोरांच्या पुढ्यात ठेवायचं का?” आम्ही म्हटले, “आजी, रात्री विरजलेलं दही सकाळी शिळं म्हणता का?” आजीबाई हसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे हे विरजणच म्हणायचं!” त्यांनी एका शब्दात आमचे काम केले. शिजवून उरलेले आणि मुद्दाम भिजत घातलेले, या दोहोंत भेद आहे. शिवाय श्रावणातील शीतला सप्तमीला चूल न पेटविता आदल्या दिवशीचे अन्न खाण्याची चाल अनेक घरांत आहेच. चुलीला वर्षातून एक दिवस विसावा द्यावा हे आपल्या पूर्वजांना सुचले. चूल पेटविणारीलाही तो अधूनमधून मिळावा, असे आम्हांस सुचते.

तथापि आजीबाईंच्या शंकेत एक सत्य होते, ते सोडून चालणार नाही. दूध घातलेला पदार्थ मुंबईत रात्रभर बाहेर ठेवणे धोक्याचे आहे. शीतकपाटातील थंडावा ५ अंश सेल्सियसच्या आत असावा, बरणी आतल्या बाजूस ठेवावी, दारात ठेवू नये, आणि केलेले दोन दिवसांत संपवावे. ज्यांच्या घरी शीतकपाट नाही, त्यांनी ओट, डाळ्याचे पीठ, वेलची, सुका मेवा असे कोरडे साहित्य रात्री डब्यात कालवून ठेवावे आणि सकाळी त्यावर कढत दूध ओतून पंधरा मिनिटे झाकावे. थंड खाणे ज्यांना सोसत नाही, त्यांनाही हीच रीत बरी.

दुसरी शंका पैशांची. ओट पोह्यांपेक्षा महाग आहेत, यात संशय नाही. ज्यांना ते परवडत नाहीत त्यांनी मुळीच वाईट वाटून घेऊ नये. वर सांगितलेले पाचही प्रकार जाड्या पोह्यांचे उत्तम होतात. फक्त पोहे रात्री भिजवू नयेत, त्यांचा लगदा होतो. रात्री दूध, दही, मसाला तयार करून ठेवावा, आणि सकाळी धुतलेले पोहे त्यात दहा मिनिटे टाकावेत. डाळ्याचे पीठ आणि मूठभर दाणे घातले म्हणजे प्रथिनांची उणीवही पुष्कळशी भरून निघते. तिसरी शंका एका भगिनीची होती, की हे चतुर्थीला चालते काय? तर ओट हे धान्यच आहे, तेव्हा उपासाला चालत नाही. चतुर्थीला आपला साबुदाणा आहेच, आणि तोही रात्रीच भिजतो.

भगिनींनो आणि विशेषतः बंधूंनो, आता मूळ मुद्द्याकडे येतो. या पदार्थाची थोरवी त्याच्या चवीत नाही, तंतूतही नाही. ती त्याच्या वेळेत आहे. पोळी-भाजी करावयाची तर हात सरावाचा लागतो, म्हणून ती एकीच्याच गळ्यात पडते. उपमा करावयाचा तर पहाटे उठावे लागते, म्हणून जी आधी उठते तिच्याच तो वाट्याला येतो. या बरणीला ना सराव लागतो, ना पहाट. रात्री जेवणे आटोपल्यावर, बातम्या ऐकता ऐकता, बारा वर्षांचा मुलगाही चार बरण्या भरू शकतो. गृहस्थही भरू शकतात. ज्या कामाला कौशल्याची सबब सांगता येत नाही, ते काम वाटून घेण्यास कोणाची हरकत असावी? ‘मला स्वयंपाक येत नाही’ हे वाक्य येथे लागू पडत नाही, कारण हा स्वयंपाकच नव्हे, हे नुसते भिजत घालणे आहे.

मात्र एक धोका आम्हांस दिसतो. सोय निघाली की ती सोयही बाईच्याच कामांच्या यादीत जाऊन बसते. शीतकपाट आले, मिक्सर आला, गॅस आला, पण यंत्रांपुढे उभी राहणारी व्यक्ती बदलली नाही. रात्री भांडी आवरून झाल्यावर तिनेच अकरा वाजता बरण्याही भरावयाच्या असतील, तर सकाळचे ओझे रात्रीकडे सरकले, एवढेच झाले म्हणावे लागेल. आणि सकाळी बरण्या वाटून झाल्यावर ती स्वतः तशीच निघणार असेल, तर आम्ही एवढे बोलून काही साधले नाही. म्हणून आमचा आग्रह दोन गोष्टींचा आहे. भिजत घालणारे हात आळीपाळीने बदलावेत, आणि घरात जितकी माणसे तितक्याच बरण्या भराव्यात. मोजताना आईची बरणी आधी मोजावी.

ज्या घरी आजी-आजोबा आहेत, तेथे त्यांच्या दातांचा विचार करून एक बरणी जरा सैल ठेवावी. ज्या घरी कोणी एकटेच राहतात, आणि आपल्या सभासदांत असे ज्येष्ठ आता थोडे नाहीत, त्यांच्यासाठी तर ही न्याहारी मोठाच आधार आहे. ‘एकट्यासाठी काय करायचे’ म्हणून चहावर सकाळ काढणाऱ्यांनी रात्री एक बरणी स्वतःसाठी ठेवून पाहावी. कोणी शेजारी राहणाऱ्या ज्ञातिबांधवांनी अधूनमधून एखादी बरणी त्यांच्या दारी पोहोचविली, तर मंडळाच्या उद्दिष्टांत जो परस्परसाहाय्य हा शब्द आहे, त्याला खरा अर्थ येईल.

मंडळाच्या कार्यकारिणीस आमची एक लहानशी विनंती आहे. परीक्षांच्या दिवसांत आपल्या वसतिगृहात मुले पहाटे अभ्यासास बसतात. तेथे आठवड्यातून दोन दिवस ही न्याहारी मुलांनी स्वतः भिजवून करावी. खर्च फार नाही, आणि स्वावलंबनाचा धडा पुस्तकाबाहेर मिळेल. पुढे संसारात पडल्यावर हीच मुले घरी हा धडा गिरवतील, यावर आमचा विश्वास आहे.

आपल्याकडे एखादे काम लांबणीवर पडले की त्याचे भिजत घोंगडे पडले असे म्हणतात. सकाळच्या न्याहारीचे घोंगडे आपल्या घरांत फार दिवस भिजत पडले आहे. ते आता उचलून वाळत घालावे, आणि त्या जागी चार बरण्या भिजत ठेवाव्यात, एवढीच प्रार्थना. आज रात्री येथून घरी गेल्यावर बरण्या कोण भरणार, हे मात्र दारातून आत शिरण्यापूर्वीच ठरवावे.

 महिला शाखेच्या भगिनींनी पाचही प्रकार सभागृहाच्या मागील बाजूस मांडले आहेत. त्यांचा आस्वाद घ्यावा, आणि वाढण्याचे काम आज बंधूंनी करावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.